काळीची मोजणी, पांढरीची पाहणी

दख्खनच्या कोणत्याही खेड्यात मातीचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, गावाचे शिवार. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. तिच्यावर घरे, देवळे, पार, चावडी आणि माणसांचा सारा प्रपंच उभा असतो. जुन्या कागदपत्रांतून पांढरी हा शब्द नुसत्या जागेचा नव्हे, तर सबंध गावकीचा वाचक म्हणूनही येतो. राज्यकर्त्यांची दृष्टी मात्र पिढ्यानपिढ्या काळीवरच खिळलेली राहिली, आणि त्यात नवल मानण्याचे कारण नाही. खजिना भरतो तो काळीतून. मलिक अंबराची जमाबंदी काळीची, पेशवाईतील तनखा काळीचा आणि इंग्रजांनी साखळ्या टाकून केलेली मोजणीही काळीचीच. पांढरीकडे सरकार वळे ते घरपट्टीपुरते.

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नळदुर्ग मागे पडले की पुढे उमरगा लागते. या बाजूचा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६० मध्ये परत गेला. या मधल्या काळात नळदुर्गास येऊन बसलेला अधिकारी म्हणजे मेडोज टेलर. ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत नाव मिळविलेल्या या गृहस्थाने येथे जमीनमोजणीचे काम मोठ्या हौसेने हाती घेतले. शेत कोणाचे, किती बिघ्यांचे, कोणत्या प्रतीचे, हे तिने कळणार होते. त्या शेताचा धनी वर्षातून किती महिने पोटभर जेवतो, त्याच्या चुलीवर किती माणसे अवलंबून आहेत, त्याच्या डोक्यावर कोणाचे किती कर्ज आहे, हे त्या मोजणीतून कळण्यासारखे नव्हते. तिचा तो हेतूही नव्हता.

पांढरीचा असा हिशेब मांडण्याचे काम महाराष्ट्रात विद्वानांनी अंगावर घेतले ते विसाव्या शतकात. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली, ती १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे पडत पडत एकेका कुटुंबाचे शेत किती ठिकाणी विखुरले आहे, याचे स्पष्ट चित्र तीतून प्रथम लोकांपुढे आले. परंतु हा एका जिज्ञासू माणसाचा उद्योग होता. माणूस गेला की असा उद्योग बहुधा थांबतो. तो पिढ्यानपिढ्या चालावयाचा तर संस्था हवी.

ती संस्था पुण्यास ६ जून १९३० रोजी निघाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजास देणगी दिली आणि तीतून समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचा जन्म झाला. नामदार गोखल्यांचे नाव तिला शोभणारेच होते. सरकारी आकडे घेऊन सरकारलाच निरुत्तर करण्याची त्यांची हातोटी सर्वश्रुत आहे. पण त्या आकड्यांसाठी त्यांना सरकारच्याच दारी जावे लागे. सरकारपाशी नसलेले आकडे स्वतः गोळा करणे हे या संस्थेने आपले काम मानले. पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ त्या वेळी अवघ्या २९ वर्षांचे होते. केंब्रिजला असताना त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर लिहिलेला प्रबंध १९२४ मध्येच छापून निघाला होता. १९३० पासून १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्यांनी ही संस्था चालविली. मुंबई विद्यापीठाशी, आणि पुणे विद्यापीठ निघाल्यावर त्याच्याशी, ती संशोधनाचे केंद्र म्हणून जोडलेली राहिली. १९९३ मध्ये तिला स्वतःसच विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

गाडगीळांच्या मोठेपणाची पहिली खूण त्यांनी निवडलेल्या विषयांत दिसते. केंब्रिजहून आलेल्या तरुण पंडिताने चलनाच्या दरावर किंवा जागतिक मंदीवर ग्रंथ लिहावा, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. या संस्थेच्या आरंभीच्या पुस्तकांत १९३३ चे एक पुस्तक आहे, आणि त्याचा विषय आहे पुण्यातील फळांचा बाजार! बागाईतदाराने पाठविलेले फळ अडत्या, दलाल, घाऊक व्यापारी अशा किती हातांतून फिरते, प्रत्येक हाताला त्यातील काय चिकटते आणि गिऱ्हाइकाने मोजलेल्या रुपयातील किती आणे मूळ मालकापर्यंत पोचतात, हा सगळा शोध मंडईत उभे राहूनच घ्यावा लागतो. पुढे १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी प्रसिद्ध झाली, १९४५ मध्ये पुणे शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचा पहिला भाग आला आणि १९४८ मध्ये गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या फायद्यांचा हिशेब. हे कालव्यांचे पुस्तक विशेष महत्त्वाचे. सरकार कालव्याचा नफातोटा पाणीपट्टीवरून ठरवी. कालव्यामुळे मजुरास मिळालेले काम, गाडीवानास मिळालेले भाडे, बाजारपेठेत वाढलेली उलाढाल यांचाही त्या हिशेबात समावेश व्हावयास पाहिजे, हे संस्थेने साधार दाखविले.

या कामातील कष्टांची कल्पना शहरी मनुष्यास सहसा येत नाही. उंबरठ्यावर वही घेऊन बसलेल्या अन्वेषकापुढे पहिली अडचण उभी राहते ती हीच की, शेतकऱ्याजवळ वही नसते. गेल्या वर्षी बियाण्याला किती खर्च आला असे विचारले, तर बियाणे घरचेच होते असे उत्तर मिळते. घरच्या बियाण्याला, घरच्या बैलाला, घरच्या माणसांच्या श्रमाला किंमत कोणती धरावी? आणि ती धरली नाही, तर शेती नफ्यात आहे की तोट्यात, हे ठरावे कसे? दिवसांची मोजणी पंचांगाच्या तारखांनी होत नाही. पाडव्याच्या आधी, पोळ्याच्या नंतर, अशी होते. धान्य पायलीने सांगितले जाते, आणि पायली गावोगाव सारखी असेलच असे नाही. कर्जाचा विषय निघाला की चार माणसांदेखत मालक गप्प बसतो. तलाठ्याच्या दप्तरात ज्याचे नाव तो जमीन कसतोच असे नाही, आणि जो कसतो त्याचे नाव दप्तरात असतेच असे नाही. म्हणून सातबाऱ्यावरून यादी न करता घरोघर जाऊन चूल हा एकक धरावयाचा, असा परिपाठ अशा पाहण्यांतून रूढ झाला. एका चुलीवर जेवणारी माणसे ती एक कुटुंब. ही व्याख्या दिसावयास साधी आहे. तिच्यात दडलेली गुंतागुंत पुढे उमरग्याच्या मुलखात दिसून यावयाची होती.

त्या काळी या मुलखापर्यंत पुण्याच्या अन्वेषकांचे पाऊल पोचत नव्हते. सोलापूर इंग्रजांचे, उमरगा निजामाचे. भाषा एक, ज्वारी एक, देवी तुळजापूरची एक, परंतु मध्ये संस्थानची हद्द. १९०४ मध्ये जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास गेले आणि जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. संस्थानात पाहणी मुळीच झाली नाही असे मात्र नव्हे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये निजामाच्या राज्यातील निवडक खेड्यांची आर्थिक तपासणी केली होती आणि तिचे खंड निघाले होते. मात्र त्या तपासणीवर प्रजेला उघड चर्चा करता यावी असे वातावरण संस्थानात नव्हते. ही हद्द केवळ नकाशावरची नव्हती, हे पुण्यातील विचारवंतही ओळखून होते. २९ जानेवारी १९३९ रोजी याच गोखले संस्थेच्या वार्षिक समारंभात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्य की स्वातंत्र्य या विषयावर भाषण केले, त्याचा मोठा भाग संस्थाने आणि तेथील प्रजा यांच्या स्थानाविषयी होता. आणखी एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांच्याबरोबर मजूर चळवळीत काम केलेला एक तरुण हद्द ओलांडून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून येऊन राहिला. हिप्परगे आज लोहारा तालुक्यात आहे. स्वामी रामानंद तीर्थ या नावाने तो तरुण पुढे हैदराबाद मुक्तिलढ्याचा नेता झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हद्द मोडली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५१-५२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० खेडी, १ लाख २७ हजार ३४३ कुटुंबे, असा तिचा विस्तार होता. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील चौघांच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ होते आणि निवडलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. वाईच्या आणि पुण्याच्या उंबरठ्यांवर घासून तयार झालेली पद्धत अशा रीतीने या बाजूस पोचली.

या पाहणीचे आकडे आजही वाचणाऱ्यास थबकवितात. शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपये कर्जापैकी सुमारे ७० रुपये सावकाराकडचे होते : ४४.८ धंदेवाईक सावकाराचे आणि २४.९ शेती करून सावकारी करणाऱ्याचे. नातलगांनी दिलेले १४.२. सरकारने दिलेले ३.३ आणि सहकारी पेढ्यांनी दिलेले ३.१. सहकारी पेढ्यांचा कायदा होऊन तेव्हा जवळजवळ अर्धे शतक लोटले होते, आणि त्याचे फळ शंभरात तीन रुपये! समितीने सहकाराचे अपयश स्पष्ट शब्दांत मांडले, तरी सहकार सोडून देण्याची शिफारस केली नाही. सरकारनेच भागीदार होऊन सहकारास बळ द्यावे, असे तिने सांगितले. इंपीरियल बँकेचे १९५५ मध्ये स्टेट बँकेत रूपांतर झाले ते याच अहवालाच्या शिफारशीतून. गाडगीळ स्वतः तर त्याआधीच प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होऊन बसले होते. पाहणी करणारा मनुष्य पाहणीच्या निष्कर्षांची जबाबदारी अशा रीतीने शिरावर घेतो, हे विरळाच दिसते.

तथापि या पाहणीत एक गोष्ट होती, तिचा पुढील कथेशी संबंध आहे. प्रत्येक गावातील शेतकऱ्यांची, कसत असलेल्या जमिनीच्या उतरत्या क्रमाने यादी करून तिचे दहा सारखे भाग पाडले होते. वरचे तीन भाग मोठे शेतकरी, मधले चार मध्यम, खालचे तीन लहान. गावातील विषमता दाखविण्यास ही वाटणी अत्यंत उपयुक्त होती, आणि कर्जाची सोय वरच्यांची अधिक व खालच्यांची कमी आहे, हे तीवरूनच उघड झाले. परंतु पांढरीची प्रतवारी येथेही अखेर काळीच्या मापाने झाली. ज्यांस जमीनच नाही त्यांना या दहा भागांत जागा नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा पुढचा प्रयत्न याच संस्थेतून झाला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जमिनीऐवजी अन्नाचे माप घेतले. पोटाला आवश्यक तेवढे उष्मांक मिळण्यास लागणारा खर्च ही रेषा धरली, तर १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकांपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकांपैकी सुमारे ५० टक्के तिच्याखाली होते, असे त्यांनी मांडले. दांडेकर हे गाडगीळांनंतरचे संचालक. निवृत्तीनंतर १९८३ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या प्रादेशिक असमतोलाच्या सत्यशोधन समितीचे ते अध्यक्ष झाले. समितीने राज्याची सरासरी हे माप धरले आणि जिल्हा हा घटक मानला; सरासरीहून जेवढे कमी, तेवढा अनुशेष. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला, त्यापैकी मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. सरकारने तो अहवाल रीतसर स्वीकारला नाही, पण अनुशेष हा शब्द मराठवाड्याच्या घराघरांत जाऊन बसला तो कायमचा. मागणीला आकडा मिळाला म्हणजे तिचे बळ किती वाढते, याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात सापडणे कठीण. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये झाली. त्यांची मुदत एप्रिल २०२० अखेर संपली.

पण त्या मंडळांच्या आदल्याच वर्षी उमरग्याच्या मुलखाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले होते, आणि ते आर्थिक आकड्यांमुळे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक नुकतेच निजले असता, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्याचा औसा आणि उस्मानाबादचा उमरगा, हे दोन तालुके त्याच्या तोंडी सापडले. सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यांना मारले ते मुख्यतः घरांनी. काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या जाडजूड भिंती. वर माळवद, आणि गळू नये म्हणून दरसाल त्यावर चढविलेला पांढऱ्या मातीचा थर. वर्षानुवर्षांचे ते ओझे निजलेल्या माणसांवर आले. पांढरी हा शब्द या मुलखात त्या पहाटेपासून वेगळ्याच अर्थाने बोचू लागला असल्यास आश्चर्य नाही.

अशा वेळी पाहणीसाठी सरकारने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेस पाचारण केले. ही संस्था १९३६ मध्ये नागपाड्याच्या वस्तीत समाजकार्याची शाळा म्हणून निघाली होती आणि १९६४ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा होता. तुळजापूर येथे १९८६ पासून तिचे ग्रामीण केंद्र असल्यामुळे हा मुलूख तिला परका नव्हता. पुण्याच्या अन्वेषकांनी उंबरठ्यावर बसून प्रश्न विचारले होते. येथे उंबरठाच उरला नव्हता. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांतून हिंडून कोण गेले, कोण उरले, घरात कमावते कोण, गुरे-अवजारे किती वाचली, असे विचारावयाचे होते, आणि तेही शोकाने सुन्न झालेल्या माणसांना. प्राणहानी, उपजीविका आणि मालमत्ता यांवर झालेल्या परिणामांचा या संस्थेतील एस. परशुरामन यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुनर्वसनात गावकऱ्यांचा सहभाग कसा राहील, हे पाहण्याचे कामही संस्थेकडे आले.

एकंदर ५२ गावे नव्या जागी बसवावयाची ठरली. घर किती मोठे द्यावयाचे, याचा निकष सरकारने जमिनीवरून ठरविला. भूमिहीनास आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यास ४०० आणि त्याहून अधिक असणाऱ्यास ७५०. कारभाराच्या सोयीचा विचार करता या निकषाला नावे ठेवणे सोपे नाही. हजारो घरांची विल्हेवाट लावावयाची, थंडी-पावसात माणसे उघड्यावर, आणि हाताशी असलेला एकमेव निर्विवाद कागद म्हणजे सातबारा. मोठे घर गेले त्याला मोठे घर, हा न्यायही त्यात दिसतो. परंतु पांढरी वाटली गेली ती पुन्हा काळीच्याच मापाने, ही गोष्ट राहतेच. भूमिहीन मजुराच्या घरात आठ माणसे असली आणि दहा हेक्टरांच्या धन्याच्या घरात दोनच उरली, तरी चौरस फुटांत फरक पडणार नव्हता.

आणि चुलीचा जुना प्रश्न येथे अगदी जिवाचा होऊन बसला. समजा, बापाच्या नावावर ८ हेक्टर जमीन आहे आणि तीन विवाहित मुले एका वाड्यात राहतात. एक चूल सांगितली तर ७५० फुटांचे एक घर. वाटणी झाली असे धरून तीन सांगितल्या तर प्रत्येकास अडीच हेक्टरांवर जमीन येते, म्हणून ४०० फुटांची तीन घरे, एकूण १,२००. जी जमीन सासऱ्याच्या नावावर, पण नवरा भिंतीखाली गेला, त्या विधवेची चूल कोणती? वाई तालुक्याच्या पाहणीत कुटुंबाची व्याख्या चुकली असती तर एखादी सरासरी बिघडली असती. येथे ती चुकली तर एखाद्या घराच्या डोक्यावरचे छप्पर जाणार होते. म्हणूनच लाभधारकांच्या याद्या ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा प्रघात पडला. पुस्तकी पद्धतीपेक्षा तो अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे, कारण कोणाची चूल खरी आणि कोणाची यादीपुरती, हे शेजाऱ्याइतके कोणीच जाणत नाही. मात्र ज्याला शेजाऱ्यापुढे तोंड उघडण्याची पत नाही, त्याचे म्हणणे भरसभेतही ऐकू येत नाही. अन्वेषकाने त्याच्याकडे स्वतंत्रपणे जावे लागते. गाडगीळांच्या काळापासून घरोघर हिंडण्याचा जो आग्रह चालत आला, त्याचे कारण हेच होते.

नवी गावे सरळ रेषेत आखलेली आणि ऐसपैस झाली. जुन्या बोळांतून भिंती कोसळलेल्या पाहिलेल्या लोकांना रुंद रस्ते हवेच होते. मात्र शेजार विखुरला आणि पुष्कळांचे शेत दूर पडले. त्या स्थलांतरावर पुढे देशी-परदेशी अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. १९९९ मध्ये उमरग्यातून लोहारा तालुका वेगळा काढण्यात आला आणि सास्तूर त्यात गेले. लातूर तर १९८२ मध्येच उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला होता, आणि उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले. त्यामुळे १९५१-५२ चे कर्जाचे आकडे, १९८४ चा अनुशेष आणि १९९३ ची पाहणी एकापुढे एक मांडून या मुलखाचा सलग इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास प्रथम तीन निरनिराळ्या काळांतील गावांच्या याद्या घेऊन बसावे लागते, आणि कोणते गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात आणि जुन्या की नव्या पांढरीवर मोजले गेले, हे ठरवून मगच पहिल्या आकड्यास हात घालता येतो.